डबा पडला त्या दिवसाचा प्रसाद

कार्तिक निम्मा सरला की आमच्या पेडण्यातल्या देवांना उसंत नसते. भात घरात आलेले असते, पेंढा रचून झालेला असतो, तुळशीच्या लग्नातले ऊस चावून त्यांचे चोथे कुंपणाबाहेर पडलेले असतात, आणि हात रिकामे झालेले पुरुष देवळाच्या पायरीवर बसून देवाला आता काय विचारावे याच्या विचारात असतात. यंदा पुतण्याचा फोन आला. "काकी, मोपाच्या विमानतळार टॅक्सी लावची काय नाय, ताचो प्रसाद घेतंव. सकाळी आठ वाजता देवळात ये."

मी म्हटले, "तुझ्या टॅक्सीचे टायर गुळगुळीत झालेहत. ते आधी बदल. देवाकय पयले तेच दिसतले."

तो हसला. त्याला वाटले मी गंमत करते आहे. मी गेले नाही. गेली पंधरा-सोळा वर्षे मी प्रसाद घ्यायला जात नाही.

प्रसाद म्हणजे हातावर पडणारा तो गोड प्रसाद नव्हे. देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि खाली मांडी घालून बसायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. लग्न, विहीर, जमिनीची वाटणी, म्हशीचे आटलेले दूध, सगळे त्या पाकळ्यांवर. कोणाची श्रद्धा असेल तर माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे आहे ते पाकळी पडल्यानंतर माणसे जे करतात त्याबद्दल.

पाडणे, पडणे हा माझ्या पोटापाण्याचाच विषय आहे. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या बाटल्यांचा कारखाना आहे, तिथे मी पॅकिंगला आहे. बाटल्या भरलेली खोकी गाडीत चढायच्या आधी आम्ही त्यांतले एखादे खोके उचलून कमरेच्या उंचीवरून जमिनीवर पाडतो. आधी तळावर, मग बाजूंवर, मग कडेवर, शेवटी कोपऱ्यावर. मग उघडून बघायचे. फुटले असेल तर फुटले असे लिहायचे. आम्ही टाळ्या वाजवत नाही आणि साखर वाटत नाही. एका मुलीने एकदा फुटलेले खोके बाजूला सारून दुसरे पाडले आणि वहीत 'ठीक' लिहिले. तिला त्याच दुपारी घरी पाठवले. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ज्या कार्तिकात मी देवळात प्रसादाला जायचे सोडले, तेव्हा मला जो राग आला तो इथून आला होता. चंद्राशी माझे काही वाकडे नव्हते.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, आपले यान चंद्राभोवती फिरत होते. पेपरात आले की त्यातून एक डबा सुटणार, त्याच्या अंगावर तिरंगा रंगवलेला आहे, आणि तो चंद्रावर मुद्दाम आपटणार. 'मुद्दाम' हा शब्द गावात कोणाला पचला नाही. आमच्या घराच्या सोप्यावर रोज सकाळी पेपर वाचायला येणारे नाईक मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि शिकवण्यातून न झालेले. ते म्हणाले, "आपटाचा नाय ता. उतरताला. पेपरवाल्यांनी चुकीचा घातला."

"मास्तर, आपटताला म्हणान तीन वेळा छापलाहा," मी म्हटले.

"आपटला तर फुटताला मगे," माझे थोरले दीर म्हणाले. त्यांना आम्ही सगळे आबाभावोजी म्हणतो. ते एकदा पंचायतीत निवडून आले होते आणि ते अजून विसरलेले नाहीत.

"फुटताला कसा?" मास्तर म्हणाले. "तिरंगो आसा त्येच्यार."

यावर कोणी हसले नाही. मी चहाचे पेले उचलून आत गेले.

त्या कार्तिकाचे वास अजून नाकात आहेत. उकड्या भाताच्या भाणांची, त्या मोठ्या हंड्यांची, वाफ, अंगणातल्या वाळवणाची धूळ, शेणाने सारवलेल्या खळ्यावरचे ऊन. शनिवारी मी माहेरी डिचोलीला जाऊन यायचे तेव्हा साडीच्या काठाला तांबडी धूळ लागलेली असायची. खाणींच्या ट्रकांची रांग बसला वाटच द्यायची नाही. लोकांना हा महिना थंडीची चाहूल घेऊन येतो म्हणे. मला तो घेऊन येतो सारवण, उन्हात टाकायच्या गोधड्या, आणि देवळातल्या मीटिंगा.

आणि त्या वर्षी सुनंदाचे पत्र.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा रमाकांत खनिज वाहणाऱ्या बार्जवर कामाला होता. डिचोलीकडे माल भरायचा, नदीतून मुरगावच्या बंदरात न्यायचा, रिकामा करून परत यायचे. पावसाळ्याच्या तोंडाशी तो बार्ज आणि धक्का यांच्या मध्ये सापडला. बत्तीस वर्षांची बाई आणि नऊ वर्षांची मुलगी मागे राहिली. पुढचे पाच महिने सुनंदा आमच्या घरात सावलीसारखी वावरत होती, म्हणजे भांडी घासत होती, भात सडत होती, आणि कोणी काही म्हटले की मान हलवत होती. पत्र आले की मयत कामगाराच्या जागी त्याच्या बायकोला मुरगावच्या कचेरीत नोकरी देण्यात येत आहे, राहायला खोली मिळेल, येत्या सोमवारी सकाळी हजर व्हावे, न आल्यास जागा दुसऱ्याला दिली जाईल.

सोमवार. पुढे ढकलायला जागाच नव्हती.

आबाभावोजींनी पत्र दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "देवाक विचारूया."

"रमाकांताक बार्जीर धाडतांना विचारल्यात?" मी म्हटले.

"तेव्हा घाई होती."

"आनी तुमी स्कूटर घेतल्यात तेव्हा?"

"स्कूटर ही काय देवाक विचारूची गजाल?"

माझा नवरा मामलेदार कचेरीत कारकून. घरात असा वाद निघाला की तो जनेलाच्या गजांतून बाहेर बघतो. तेव्हाही बघत होता. बाहेर फक्त कोंबड्या होत्या. सुनंदा दारात उभी होती. तिला काय हवे हे कोणी विचारले नाही, आणि तिने सांगितलेही नाही. मला तिचा राग आला. मला वाटले, ही मऊ आहे, हिच्यात पाणी नाही. मी तिच्यासाठी बसच्या वेळा काढून ठेवल्या होत्या, तिथल्या शाळेची चौकशी केली होती, आबाभावोजींना द्यायची उत्तरे मनात लावून ठेवली होती. आणि जिच्यासाठी हे सगळे, ती पदराला हात पुसत उभी.

प्रसाद शुक्रवारी सकाळी ठरला. त्याच दिवशी संध्याकाळी डबा चंद्रावर आपटणार होता. योगायोग एवढाच, पण मास्तरांना तो शुभ वाटला. मास्तरांना पेपरात छापलेले सगळेच शुभ वाटते.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. गुरवाने पिटकोळीची तांबडी फुले तांब्यात भिजत घातली होती. त्याने पाकळ्या एकेक करून पाषाणावर लावल्या, उजवीकडे, डावीकडे. डोक्यावर पंखा फिरत होता. तो आमच्याच घराने दिलेला, त्याच्या पात्यांवर सासऱ्यांच्या स्मरणार्थ असे रंगाने लिहिले आहे. पंखा फिरतो तेव्हा ते वाचता येत नाही. आबाभावोजी पुढे झाले, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "देवा, ही तुझी लेक मुरगावाक नोकरीक जाव म्हणता. जावचा आसात तर उजवो दी. घरात रवाचा आसात तर डावो दी."

गुरव हात पुसून मागे सरतो न सरतो तोच उजवी पाकळी सुटली आणि खाली आली.

सुनंदाचे हात जोडलेलेच होते, तिने डोळे मिटले. आबाभावोजी वर बघत होते.

"पंख्याच्या वाऱ्यान पडली," ते म्हणाले.

गुरवाने त्यांच्याकडे बघितले, मग पंख्याकडे बघितले. "पंखो रोजच आसता," तो पुटपुटला. पण देऊळ ज्यांचे त्यांच्यापुढे गुरव किती बोलणार. पंखा बंद झाला. नव्या पाकळ्या लागल्या. तोच प्रश्न पुन्हा, जरा जास्त मोठ्याने, जणू देव पहिल्यांदा दुसरीकडे बघत होता.

मग दोन तास काही पडले नाही. मी तुम्हाला सांगते, बंद पंख्याखाली, घामाने भिजलेल्या दहा-बारा माणसांनी एका पाकळीकडे टक लावून बसणे यासारखे मूर्ख दृश्य मी दुसरे पाहिलेले नाही. मास्तरांनी वेळ भरून काढला. चंद्रावर हवा नसते, म्हणून पडताना डब्याला वारा लागत नाही, हे त्यांनी सांगितले, आणि ते बरोबर होते. मग गुरवाने विचारले, "मास्तरांनू, चंद्राक धक्को बसलो तर पंचांग चुकताला काय?"

मास्तरांनी डोळे मिटून विचार केला. "फारसा नाय. एकादस मिनिटभर हय-थय सरकताली."

दुपारच्या नैवेद्याची वेळ व्हायला आली आणि डावी पाकळी पडली. आबाभावोजींचा चेहरा उजळला. "आता कसो देव स्पष्ट बोललो!"

मी तिथे उभी होते. कारखान्यात पुरुषांना खडसावणारी, वही दाखव म्हणणारी मी, देवळात गप्प बसले. सासऱ्यांचे नाव पंख्यावर, दिरांचा आवाज गाभाऱ्यात, आणि बायकांनी खांबाच्या मागे बसायचे. वाटेत मात्र सुनंदावर खेकसले, "काय तरी बोल गो! तोंड हा मा तुका?"

"काय बोलाचा, वयनी?" ती म्हणाली, आणि वाटेवर पडलेली सुकी झावळी उचलून चुलीसाठी घरी घेऊन आली.

संध्याकाळी आमच्या सोप्यावर पंधरा माणसे जमली, कारण आमचा टीव्ही नवीन होता. आदल्या दिवशी पौर्णिमा झाली होती, त्यामुळे चंद्र काजूच्या डोंगरामागून चांगला गरगरीत वर आला होता. लोक एकदा टीव्हीकडे, एकदा दाराबाहेर बघत होते. त्या चंद्राला काही होताना दिसेल अशी त्यांची खरोखर अपेक्षा होती. एकाने मुलाला अंगणात उभे केले, काय हलले तर हाक मार म्हणून.

टीव्हीवर एक चित्रातला डबा चित्रातल्या चंद्रावर पडत होता. पडून झाला की पुन्हा वर जाऊन पुन्हा पडत होता. खरा डबा अजून सुटायचा होता. कोट घातलेला एक माणूस दर मिनिटाला 'काही क्षणांत' म्हणत होता. मग डबा सुटल्याची बातमी आली. मग अर्धा तासही झाला नसेल, साडेआठच्या सुमारास, खाली तांबडी पट्टी आली, कोटवाला ओरडला, शास्त्रज्ञ एकमेकांना मिठ्या मारताना दिसले, आणि आमच्या सोप्यावर टाळ्या पडल्या. आबाभावोजींनी साखरेचा डबा मागवला. "पावलो रे! आपलो तिरंगो चंद्रार पावलो!" जणू तो त्यांनी हातात धरून नेला होता. आपण जगात चौथे की पाचवे यावर दोघांची जुंपली. मास्तरांना मात्र आता डबा आपटला याचाच अभिमान वाटू लागला होता. "बघा, कसो नेमको आपटयलो!"

मी साखरेची वाटी फिरवत होते आणि मनात म्हणत होते, तुमची त्या चंद्रावरच्या डब्याचे नाव घ्यायची लायकी नाही.

तेवढ्यात सुनंदाचा आवाज आला. ती कधी दारात येऊन बसली ते कोणी पाहिले नव्हते. "मास्तर, ता यंत्र परत वर नेवन परत पाडतले?"

"नाय गो. ता टीव्हीर चित्र दाखवतत. खरा एकदाच."

"नीट पडला नाय तर?"

"तरी एकदाच. थय उचलूक कोण आसा? पडला ता पडला."

"पडला ता पडला," ती म्हणाली. "बरा."

ती उठून आत गेली. मीही वाटी ठेवायला आत गेले. ती चुलीजवळ भाकरीचे पीठ मळत होती, नेहमीसारखी.

"वयनी," ती म्हणाली, "माका सोमवारी जावचा आसा."

माझ्या हातात वाटी होती ती तशीच राहिली. मी मनात लावून ठेवलेली उत्तरे बाहेर काढू लागले, की बाई, तू घाबरू नकोस, पाकळीबिकळी काही खरे नसते, ओल किती आणि पाषाण किती गुळगुळीत यावर ते असते, मी रोज हेच बघते...

तिने मला मधेच तोडले. तिने मला आयुष्यात पहिल्यांदा मधेच तोडले. "खरा नसता कसा? देवान उजवो दिलो. पयलो दिलो. तुमी सगळ्यांनी बघितल्यात."

तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या देवळात देवावर विश्वास असलेली ती एकटीच होती. दिरांचा नव्हता, असता तर त्यांनी पंख्याचे बटन शोधले नसते. माझा नव्हता, म्हणून मी गप्प बसून मनात चिडत राहिले. तिने प्रश्न विचारला गेला तेव्हा हात जोडले, उत्तर आले तेव्हा डोळे मिटले, आणि पुढचे दोन तास तिच्या लेखी काही घडलेच नव्हते. ती बसून होती ती वडीलधाऱ्यांचा खेळ संपायची वाट बघत. आणि मी तिला मऊ म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आले, डब्याने पडता पडता काढलेले. खड्डे, खड्ड्यांत खड्डे, आणि करडा उजाडपणा. आमची आळी तो पेपर हातोहात फिरवत होती. मी म्हटले, हे बघायला एवढ्या लांब कशाला जायला हवे, डिचोलीला बसने या, रंग फक्त तांबडा आहे. पुढे कधीतरी असेही छापून आले की त्या पडणाऱ्या डब्याला तिथे पाण्याचा माग लागला होता. आमच्या नळाचा माग त्या काळात कोणालाच लागत नव्हता. पण एक सांगते, ते फोटो मी नीट बघितले. एका फोटोत जमीन लांब होती, दुसऱ्यात जवळ, तिसऱ्यात आणखी जवळ. आपण फुटणार हे माहीत असलेल्या वस्तूने शेवटपर्यंत जे दिसले तेच कळवले. आवडले नाही म्हणून चित्र बदलले नाही. माणसांनी बनवलेल्या वस्तू कधी कधी माणसांपेक्षा बऱ्या निघतात, तसे.

रविवारी सकाळी सुनंदाने बॅग भरायला काढली आणि घरात वादळ झाले. आबाभावोजी सोप्यावर उभे राहून म्हणाले, "देवाचो प्रसाद मोडून जातलंय?"

"मी प्रसाद घेवनच जातंय, भावोजी. मोडलो तो तुमी."

"जिभेक हाड हा काय नाय तुझ्या? पंख्याच्या वाऱ्यान पडलली पाकळी ती! ती काय प्रसाद?"

सुनंदाने हातातली साडी घडी घालून ठेवली. आवाज चढवला नाही. "भावोजी, एकच सांगा. पयली डावी पडली आसती, तर तुमी पंखो बंद केलो आसतो?"

सोप्यावर नाईक मास्तर पेपर उघडून बसले होते. त्यांनी तो आणखी उघडला. माझा नवरा जनेलाकडे वळला, मग कोण जाणे काय वाटले, परत फिरला आणि भावाकडे बघू लागला. उत्तराची वाट बघत असल्यासारखा. आबाभावोजींनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि म्हणाले, "माझी आंघोळ रवली." आणि विहिरीवर गेले. ते तासभर परत आले नाहीत. एवढी स्वच्छ आंघोळ त्यांनी दिवाळीलाही केली नसेल.

सुनंदाच्या मुलीचे शाळेचे वर्ष मधेच तोडायचे नाही, असे मी ठरवले. मे महिन्यापर्यंत ती माझ्याकडे राहील. यात मोठेपणा काही नव्हता, एक ताट जास्त आणि एक वेणी जास्त. मुलगी रडली. सुनंदा रडली नाही, तिला वेळ नव्हता. तिने पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातले, रमाकांतच्या मृत्यूचा दाखला दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही पिशव्या ब्लाउजच्या आत.

सोमवारी तिला सकाळीच हजर व्हायचे होते आणि माझीही कारखान्याची पाळी होती, म्हणून सहाच्या बसलाच आम्ही स्टॉपवर उभ्या होतो. म्हापशाला एक बस, पणजीला दुसरी, तिथून तिसरी. मी तिला ते चौथ्यांदा सांगत होते तेवढ्यात आबाभावोजी वाटेने घाईघाईने येताना दिसले, धोतराचा काठ दवाने भिजलेला. मला वाटले आता हा माणूस बससमोर उभा राहणार. मी बॅग खाली ठेवली आणि दोघांच्या मध्ये झाले. मी गप्प बसणार नव्हते, यावेळी नव्हते.

ते धापा टाकत थांबले. माझ्याकडे न बघता सुनंदाला म्हणाले, "थय कोणी विचारला तर सांग, घरच्यांनीच धाडली म्हणान."

बस आली. सुनंदाने वाकून त्यांना नमस्कार केला, कारण ती तशी वाढलेली होती. मग सरळ झाली आणि म्हणाली, "खोटा सांगूक माका जमाचा नाय, भावोजी."

तिने खाली ठेवलेली बॅग उचलली आणि चढली.